पाणी, भय आणि कविता: उल्हास खोऱ्यातून कुसुमाग्रज वाचताना

निसर्गाचे सामर्थ्य आणि त्याच्यापुढे माणसाला वाटणारे भय हा कवितेचा अतिशय जुना विषय आहे. वर्गात मात्र तो फार लवकर उरकला जातो. वादळ म्हणजे संकट, पूर म्हणजे दुःख, समुद्र म्हणजे आयुष्यातल्या अडचणी, अशी समीकरणे फळ्यावर येतात आणि कवितेतले पाणी तिथल्या तिथे आटते. प्रस्तुत विवेचनात कुसुमाग्रजांच्या तीन कविता घेतल्या आहेत: ‘कोलंबसाचे गर्वगीत’, ‘आगगाडी व जमीन’ आणि ‘कणा’. पहिल्या दोन १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विशाखा’ या संग्रहातल्या आहेत, ‘कणा’ नंतरची. तिन्हींत निसर्ग माणसावर चालून येतो आणि तिन्हींत भय आहे, पण ते दर वेळी निराळ्याच कोणाच्या तरी वाट्याला आले आहे. भय कोणाला वाटते, ते बोलणारा कुठे उभा आहे आणि तो कोणाशी बोलतो आहे, हे आधी पाहावे. प्रतीकाचा विचार त्यानंतर करावा, अशी या विवेचनाची भूमिका आहे. कवितेतला पूर आधी पूर म्हणून अंगावर आला नाही, तर त्याचे प्रतीकही पोकळच राहते.

या वाचनासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा निवडण्यामागे कारण आहे. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. बारवी नदीचे पाणी तिला याच परिसरात मिळते आणि पुढे ती उल्हासनगरच्या कडेने कल्याणच्या खाडीकडे जाते. अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या मधून वालधुनी वाहते. उन्हाळ्यात या नद्या पाहणाऱ्याला त्यांची भीती वाटेल असे काहीच दिसत नाही. पावसाळ्यात चित्र पालटते. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते. हे दोन आकडे जुलै महिन्यात हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या भागांतल्या तळमजल्यावरच्या घरांत रात्रभर बोलले जातात. एका मीटरचे हे अंतर म्हणजे फ्रिज पलंगावर चढवायला आणि म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर न्यायला मिळणारा वेळ असतो.

२६ जुलै २००५ हा दिवस या पट्ट्यातल्या प्रत्येक घराच्या आठवणीत आहे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्याही त्याच दिवशी पाण्याखाली गेल्या. पुढे २७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली. रूळ दिसेनासे झाले, डब्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी, आणि आत हजारांहून अधिक प्रवासी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींनी त्यांना दुपारपर्यंत बाहेर काढले. २०२१ च्या जुलैत बदलापुरात पुन्हा पाणी शिरले. निसर्गाचे सामर्थ्य ही ज्या वाचकासाठी पुस्तकातली कल्पना राहिलेली नाही, असा वाचक या गावांत घरोघर भेटतो. त्याच्या हाती या तीन कविता दिल्या तर त्या कशा वाचल्या जातील, हा पुढचा विचार आहे.

भयाचे शास्त्र भारतीय काव्यविचाराने फार पूर्वी मांडून ठेवले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक हा एक रस आहे आणि भय हा त्याचा स्थायिभाव. भय कशाने जागे होते याची जी यादी भरत देतो, तिच्यात भयंकर आवाज आहेत, अरण्य आहे आणि ओस पडलेले घरही आहे. भय अंगावर कसे दिसते हेही तो सांगतो: हातापायांना कंप, अंगावर काटा, आवाज बदलणे, चेहऱ्याचा रंग उडणे. कवितेच्या अभ्यासकाला ही यादी आजही उपयोगी पडते, कारण चांगला कवी भय हा शब्द क्वचितच वापरतो, तो त्याच्या खुणा दाखवतो. या शास्त्रात एक गोष्ट मात्र खटकते. भय हा भाव भरताने मुख्यतः स्त्रियांच्या आणि हलक्या दर्जाच्या पात्रांच्या खाती टाकला आहे. उत्तम पुरुषाचा स्थायिभाव उत्साह आणि त्याचा रस वीर. भ्यायचे कोणी आणि भ्यायचे नाही कोणी, याची ही वाटणी मराठी कवितेत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. कुसुमाग्रजांच्या या तीन कविता क्रमाने वाचल्या की ती वाटणी आधी भक्कम उभी असलेली दिसते आणि शेवटच्या कवितेत मोडलेली दिसते.

युरोपात याच विषयाला वेगळे वळण मिळाले. एडमंड बर्क याने १७५७ साली उदात्ततेवर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, भीषण गोष्ट सुरक्षित अंतरावरून पाहिली तर तिच्यातून एक प्रकारचा आनंद मिळतो; ती अगदी अंगाशी आली की आनंद संपतो आणि नुसते भय उरते. पर्वतकडे, गर्जणारा समुद्र, वादळी रात्र यांवरची पुष्कळशी इंग्रजी कविता याच अंतरावरून लिहिलेली आहे. बर्कने सांगितलेले हे अंतर प्रत्येक कवितेत मोजून पाहण्यासारखे आहे. कोलंबस जहाजावर आहे, म्हणजे वादळाच्या मध्यभागी. आगगाडीतल्या माणसांना अंतर आहे असे वाटते, पण ते खोटे ठरते. ‘कणा’मधल्या माणसाला अंतर मुळी मिळालेलेच नाही, पाणी त्याच्या चार भिंतींच्या आत आले आहे.

‘कोलंबसाचे गर्वगीत’ हे समुद्राला उद्देशून केलेले भाषण आहे. समुद्राशी थेट बोलण्याची रीत मराठीत त्याआधीही होती. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या गीतात सागराला विनवले आहे, दूषणेही दिली आहेत, आणि अखेरीस सबंध समुद्र एका आचमनात पिऊन टाकणाऱ्या अगस्ती ऋषींचा धाक घातला आहे. कुसुमाग्रजांचा कोलंबस विनवणीच्या वाटेला जातच नाही. तो पहिल्यापासून समुद्राला डिवचतो: आणखी गर्ज, आणखी उसळ, आभाळ फुटले तरी चालेल. कवितेत वादळाचे जे चित्र उभे राहते ते सगळे राक्षसी आहे. नभातले दैत्य मद्य पिऊन मातले आहेत, सूर्य पाताळात दडला आहे, स्वर्गातून पडलेला सैतान वेताळांचा मेळा जमवून दर्यावर नाचतो आहे. भारतीय आणि ख्रिस्ती पुराणकथांतली भुतावळ कवीने एका जागी आणली, याचे कारण उघड आहे. निसर्गाला शत्रूचा चेहरा दिला की त्याच्याशी लढता येते. चेहरा नसलेल्या पाण्याशी लढणे फार अवघड.

या कवितेतले भय शोधायचे तर कोलंबसाच्या समुद्राशी चाललेल्या बोलण्यात ते सापडत नाही. तो तोंड वळवून सोबत्यांशी बोलू लागतो, तिथे ते दिसते. एवढी खंत कशाला, तारू मागे फिरवण्यासाठी लोटले होते काय, असे तो विचारतो. म्हणजे मागे फिरण्याची भाषा जहाजावर सुरू झालेली आहे. इतिहासही हेच सांगतो: ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून निघालेल्या या ताफ्यावर काही आठवड्यांतच खलाशांची कुजबूज वाढली होती, आणि जमीन दिसायला १२ ऑक्टोबर उजाडला. कवितेतले खलाशी मात्र एक अक्षरही बोलत नाहीत. त्यांचे भय नायकाच्या प्रश्नातून आपल्याला कळते. भरताची वाटणी येथे जशीच्या तशी आहे: उत्साह कप्तानाचा, भय खलाशांचे. परीक्षेच्या उत्तरात ‘या कवितेत कोलंबस निर्भय आहे’ असे एक वाक्य लिहून विद्यार्थी मोकळा होतो. ही निर्भयता कोणापुढे आणि कशासाठी दाखवली जाते, हे त्याने विचारले तर कविता अधिक उघडते. घाबरलेल्या माणसांना पुढे न्यायचे असेल तर त्यांच्यासमोर समुद्राला लहान करावे लागते. कवितेचा शेवट हेच करतो. माणसाच्या ध्यासाला आणि आशेला सीमा नाही, समुद्राला मात्र किनाऱ्याची सीमा आहे, असे सांगून कोलंबस एवढ्या अफाट पाण्याला दुबळे ठरवून टाकतो. ज्या किनाऱ्याची आस खलाशांना लागली आहे, तोच किनारा समुद्राचे उणेपण म्हणून पुढे केला जातो. मराठीत इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी उलटापालट दुसऱ्या कवीने क्वचितच साधली असेल.

१९४२ च्या वाचकाला या कवितेत परकीय सत्तेला दिलेले आव्हान ऐकू आले, ते योग्यच होते. आजच्या वाचकाला आणखी दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे, खंड जिंकण्याची जी भाषा या गीतात आहे तिची किंमत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी मोजली. दुसरी या विषयाशी अधिक जवळची आहे. कोलंबसाला घर हे चिमुकल्या कैदखान्यासारखे वाटते. घरदार, बायको, पैसा यांपैकी कशातही त्याला अडकायचे नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून उंबऱ्यावर मातीचा बांध घालणाऱ्या माणसाला ही निर्भयता परकी वाटेल. ज्याने घर सोडले आहे त्याला वादळाची भीती कमी, आणि ज्याचे सगळे काही घरात आहे त्याला भीती जास्त. कोलंबसाच्या गर्वाचे मूळ काही अंशी या मोकळेपणात आहे, हे बदलापूरच्या वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

‘आगगाडी व जमीन’ ही दुसरी कविता संवादाची आहे. धडधडत जाणाऱ्या गाडीखाली जमीन चिरडली जाते आहे. ती पाया पडून, रडून विनवते, तू अंगावरून धावतेस, छातीत भगदाडे पाडतेस, निखारे ओततेस म्हणून सांगते. गाडीचे उत्तर निर्दय आहे: जगायचा हक्क बळवंतांचा, दुबळ्यांनी ओरडत राहावे. मग जमिनीचा संताप पेटतो, दरीवरचा पूल ढासळतो आणि गाडीचे तुकडे तुकडे होऊन खाली कोसळतात. दोन दोन ओळींच्या यमकांची चाल गाडीच्या चाकांसारखी आहे, आणि जमिनीचे रडणेही त्याच चालीवर बसवले आहे. तिला स्वतःची लयसुद्धा मिळालेली नाही. ही रचनेतली बाब अर्थाइतकीच महत्त्वाची आहे.

भांडवलदार आणि कष्टकरी, साम्राज्य आणि पारतंत्र्यातला देश, असे या कवितेचे अर्थ लावले जातात आणि ते तिच्यात बसतातही. तरीही प्रतीकाच्या आधी रूळ आणि जमीन पाहावी. कल्याणहून बदलापूर-कर्जतच्या दिशेने पळसदरीपर्यंत लोहमार्ग १८५६ साली गेला, आणि भोरघाट चढून तो १८६३ मध्ये पुण्याच्या मार्गाला जोडला गेला. घाटातले बोगदे आणि पूल बांधताना पटकीच्या साथीने व अपघातांनी मजूर मोठ्या संख्येने दगावले. घाट सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली तोच, जुलै १८६७ मध्ये, भोरघाटातला एक मोठा दगडी पूल ढासळला. कुसुमाग्रजांनी याच घटनेवर कविता लिहिली असे म्हणण्याला आधार नाही आणि तशी गरजही नाही. तथापि दरीत कोसळणारा पूल ही केवळ कविकल्पना नव्हती. उल्हासच्या उगमाजवळच, ऐन पावसाळ्यात तो प्रत्यक्ष कोसळला होता.

या कवितेत भय जागा बदलते. सुरुवातीला ते जमिनीकडे आहे, शेवटी ते गाडीकडे येते. भरताच्या वाटणीप्रमाणे दुबळ्याने भ्यायचे होते. येथे दुबळा बळवंताला भ्यायला लावतो. परंतु एक अडचण राहते, आणि तिच्याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले आहे. गाडीत माणसे होती. पूल पडताना क्षणभर आक्रोश उठतो, रान हादरते, एवढेच त्यांच्याविषयी कळते. गाडीच्या उद्दामपणाची शिक्षा डब्यात बसलेल्यांना झाली. २०१९ मध्ये वांगणीजवळच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीतही गर्विष्ठ कोणी नव्हते. गावी निघालेली कुटुंबे, गरोदर बाया, लहान मुले, नोकरीची माणसे होती. निसर्ग सूड घेतो हे वाक्य बातम्यांत आणि निबंधांत फार सहज लिहिले जाते. सूड म्हटला की अपराधी आणि शिक्षा यांचा मेळ बसायला हवा, आणि पुरात तो बसत नाही. ज्याने नदीपात्रात भराव टाकला तो बहुधा उंचावर राहतो, पाणी शिरते ते दुसऱ्याच्या घरात. कवितेला रूपक म्हणून सूड शोभतो; प्रत्यक्षाचा अर्थ लावताना ते रूपक जपून वापरावे.

शत्रुत्व आणि सूड यांखेरीज निसर्गाशी बोलण्याची आणखी एक पद्धत आहे, आणि ती कवींच्या कितीतरी आधीपासून लोकांकडे आहे. पूर आला की नदीची खणा-नारळाने ओटी भरतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात. डोहाच्या काठी सातीआसरा या जलदेवतांचे तांदळे शेंदूर लावून मांडलेले असतात, आणि त्या डोहात उतरू नये हे लहान मुलालाही ठाऊक असते. उल्हासनगरात या परंपरेला वेगळाच पदर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या समाजाची सिंधू नदी सीमेपलीकडे राहिली, त्याचे आराध्य दैवत झुलेलाल हे जलदैवत आहे. माशावर बसलेल्या त्या देवाची पूजा आणि चाळीस दिवसांचे चालिहो व्रत या गावाने उल्हासच्या काठी चालू ठेवले. मागे राहिलेल्या नदीची भक्ती दुसऱ्या नदीच्या काठी चालवावी लागली, ही घटना कोणत्याही कवितेइतकी विचार करण्याजोगी आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहारांच्या काळात ते वालधुनीच्या काठी बांधले गेले. त्याच्या गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावे लागते. नदीजवळ, आणि तेही खाली उतरून देवाला भेटायचे, अशी योजना करणाऱ्या लोकांना पाण्याच्या भयाबरोबर राहण्याची सवय असली पाहिजे.

भयाला नात्याची भाषा देणे, हे मराठी कवितेनेही फार आधी केले. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहतो आणि भयाने गळून जातो. एवढे अफाट काही डोळ्यांनी पेलवत नाही, म्हणून तो पुन्हा ओळखीचे, सौम्य रूप मागतो. निसर्गाच्या सामर्थ्यापुढे माणूस जे मागतो तेच हे मागणे: पुन्हा ओळखीचे हो. त्याच अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आल्याचे रूपक योजले आहे. प्रचंड शक्तीला पाहुणा म्हणून घरात घेण्याची ही कल्पना साडेसहाशेहून अधिक वर्षांनी ‘कणा’मध्ये पुन्हा भेटते. फरक असा की, येथे पाहुणी घर मोडून जाते.

‘कणा’ ही छोटीशी कविता मराठी घरांत बहुतेकांना तोंडपाठ आहे आणि त्यामुळेच ती नीट वाचली जात नाही. भर पावसात एक माजी विद्यार्थी आपल्या शिक्षकाच्या दारी येतो. कपडे चिखलाने माखलेले, केस ओले. ओळखले का, एवढे विचारतो, क्षणभर बसतो, हसतो, आणि वर पाहत सांगू लागतो. कवीच्या नाशकात गोदावरीला गंगा म्हणतात. ही गंगा पाहुणी म्हणून त्याच्या घरी आली आणि माहेरी आलेल्या लेकीसारखी घरभर बागडली. रिकाम्या हाताने तिला परत कसे पाठवायचे, म्हणून ती बरेच काही घेऊन गेली. बायको तेवढी वाचली. येथे पुराचे एकही भीषण वर्णन नाही. दैत्य नाहीत, वेताळ नाहीत, गर्जना नाही. कोलंबसाच्या समुद्राला जेवढी विशेषणे मिळाली, त्यांपैकी एकही या नदीच्या वाट्याला आलेले नाही. ज्याने पाणी खरोखर घरात पाहिले आहे तो त्याचे वर्णन करत बसत नाही, हे कवीला बरोबर कळले होते. २६ जुलैविषयी बोलताना बदलापूर-उल्हासनगरची माणसेही हेच करतात. पाणी कुठपर्यंत आले ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात आणि पुढचे बोलणे कपाट, कागदपत्रे, गॅस, गहू यांवर येते.

मग भय कुठे आहे? ते भरताने सांगितलेल्या खुणांत आहे, पण उलट्या रूपात. आवाज थरथरत नाही, तो हसतो. आणि हसणे येते ते दोन ठिकाणी, येताना आणि उठताना, जिथे रडू येणे साहजिक होते. नजर समोरच्या माणसाकडे नाही, वर आहे. जे वाहून गेले त्याची यादी तो एका दमात सांगतो: भिंत, चूल, असले-नसले सामान. महसूल खात्याच्या पंचनाम्यातही साधारण हीच बाबवार नोंद असते, घराची पडझड, कपडे, भांडी. पंचनाम्याच्या रकान्यात न मावणारी एक गोष्ट मात्र तो यादीच्या शेवटी घालतो. पाहुणीने जाताना मागे ठेवलेली वस्तू म्हणजे पापण्यांतले पाणी, आणि तिला तो प्रसाद म्हणतो. देवीकडून आलेले नाकारता येत नाही, म्हणून दुःखालाही त्याने देवघरातले नाव दिले आहे. नदीवर राग नाही, तिच्याशी वैर नाही. तिला शिव्या दिल्या तर उद्या पाणी प्यायचे कुणाचे, हा काठावरच्या माणसाचा शहाणपणा त्या नात्याच्या भाषेत आहे. बारवी आणि उल्हास यांच्याच पाण्यावर जगणाऱ्या या गावांना तो परका नाही.

यानंतर कविता वर्तमानकाळात येते. भिंत पुन्हा बांधणे चालू आहे, गाळ उपसणे चालू आहे, आणि बायको बरोबरीने राबते आहे. भरताने भय जिच्या खाती मांडले ती स्त्री येथे चिखल काढते आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिक्षकाचा हात खिशाकडे जातो तेव्हा विद्यार्थी उठतो. पैसे नकोत, एकटेपणा वाटला म्हणून आलो, असे सांगतो. सगळ्या कवितेतले भय या एका कबुलीत आहे. घर गेल्याचे भय त्याने पचवले होते. आपल्याला आता कोणी ओळखत नाही, हे भय त्याला भर पावसात शिक्षकाच्या दारापर्यंत घेऊन आले. कवितेचा पहिला प्रश्न ओळखीचा का आहे, ते येथे उलगडते. घर मोडले तरी कणा ताठ आहे, पाठीवर हात ठेवून लढायला सांगा, एवढेच त्याचे मागणे. शिक्षक काय म्हणाले ते कवीने लिहिलेले नाही. कोलंबस स्वतःच दुसऱ्यांना धीर देणारा होता. हा माणूस धीर मागायला आला आहे आणि मागताना जराही लहान झालेला नाही. भिणारा आणि वीर अशी वाटणी येथे संपते. एकाच माणसात दोन्ही आहेत.

म्हणून तिन्हींत ‘कणा’ ही अधिक मोठी कविता आहे, असे येथे स्पष्ट म्हणायला हवे. ‘गर्वगीता’ची भाषा अधिक भव्य आहे, ‘आगगाडी’ची नाट्यमयता अधिक आहे. पण निसर्गाचे सामर्थ्य खरोखर मान्य करून त्यानंतर माणसाचे सामर्थ्य शोधणारी कविता ही एकच आहे. पहिल्या कवितेत माणूस निसर्गाला लहान करून मोठा होतो. दुसरीत निसर्ग माणसाला चिरडून मोठा होतो. तिसरीत कोणालाच लहान व्हावे लागत नाही.

तरीही आजच्या उल्हास खोऱ्यात ‘कणा’ वाचताना एक प्रश्न तिच्या बाहेर राहतो आणि तो वाचकाने स्वतः विचारला पाहिजे. कवितेतला पूर सर्वस्वी नदीचा आहे. या पट्ट्यातला पूर तसा राहिलेला नाही. पूररेषा नकाशावर आखल्या जातात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषांच्या आत इमारती उभ्या राहतात, नाले अरुंद होतात, वालधुनीत सांडपाणी आणि रसायने येतात, आणि मग तळमजल्यावर शिरलेल्या पाण्याला नैसर्गिक आपत्ती म्हटले जाते. पाठीवर हात ठेवून लढायला सांगणे हे शिक्षकाचे काम होते. पालिका आणि शासन यांचे काम खिशात हात घालण्याचे आणि पूररेषा पाळण्याचे आहे. पूरग्रस्तांच्या सभेत ‘कणा’ म्हणून दाखवणे आणि भरपाईचा विषय टाळणे, हा त्या कवितेवर अन्याय आहे. त्या माणसाने पैसे नाकारले ते आपल्या गुरूचे, हक्काचे नव्हे.

या गावांतल्या मराठीच्या शिक्षकांना येथे एक विनंती आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि जुलैत पाणी चढते. या तीन कविता त्याच दिवसांत शिकवाव्यात. शिकवण्याआधी मुलांना घरी आणि शेजारी विचारून यायला सांगावे: २००५ साली पाणी कुठवर आले होते, प्रथम काय उचलले, काय राहून गेले, कोण मदतीला आले. उल्हासनगरच्या मुलांनी आजी-आजोबांना सिंधूविषयीही विचारावे. ही उत्तरे वहीत लिहून झाली की मग ‘कणा’ मोठ्याने वाचावी, तिच्यानंतर ‘आगगाडी व जमीन’, आणि ‘गर्वगीत’ सर्वांत शेवटी. प्रत्येक कवितेला तेच तीन प्रश्न विचारावेत: भय कोणाला वाटते, बोलणारा कुठे उभा आहे, तो कोणाशी बोलतो आहे. प्रतीक कशाचे, हा प्रश्न त्यानंतर मुले स्वतःच काढतील.